शंखातली आई

३ नोव्हेंबर, सोमवार

नवं गाव, नवं घर, नवी नोकरी आणि ही नवी वही. सकाळी सामानाचा टेम्पो आला आणि दुपारपर्यंत दोन खोल्या अशा लागल्या, की आम्ही मायलेकी इथेच वाढलो असं कुणालाही वाटावं. घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे शेवटच्या. वर फक्त गच्ची आणि गच्चीवर मोबाइलचा टॉवर. स्वयंपाकघरात भरपूर ऊन येतं, नळाला पाणी जोरात आहे, आणि समोरचं बिऱ्हाड रिकामं असल्यामुळे लेकीने कितीही धुडगूस घातला तरी कुणी दार ठोठावणार नाही.

लेक सहा वर्षांची. घरात ती खारू, कारण एका जागी बसणं तिला ठाऊक नाही. जन्मापासून तिला फार कमी ऐकू येतं. दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रं आहेत, त्यांना ती शंख म्हणते. शंख घातले की आवाज येतात, पण त्यांचा काला होतो, म्हणून बोलताना ती माझ्या ओठांकडे टक लावून बघते. बाकीच्या आया मुलांना ‘अगं, माझ्याकडे बघ जरा’ म्हणून म्हणून दमतात. माझ्याकडे कुणी इतकं बघतं, याचा मला गर्वच आहे म्हणा ना.

मी श्रवणतज्ज्ञ. लोकांचे कान तपासायचे, यंत्रं बसवायची, आवाज जुळवून द्यायचे. हे शिक्षण खारूच्या जन्माआधीचं, हे सांगितलं की लोक चकित होतात. तिचा बाबा जहाजावर, महिन्यातून एकदा फोन लागला तर नशीब. उद्यापासून मी इथल्या श्रवणकेंद्रात रुजू. तिथल्या मुख्य बाईंनी आजच नवा फोन हातात ठेवला. केंद्राचं सगळं काम याच सिस्टिमवर चालतं, तुमचा जुना इथे कामाचा नाही, असं बजावलं. आठ वर्षं एकाच सिस्टिमवर संसार केलेल्या बाईला हे सांगणं सोपं, करणं अवघड. उद्या बघू.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नव्या सुनेला मिठाचा डबा सापडू नये तशी माझी गत झाली. या फोनला मागे जायचं बटणच नाही! कडेवरून बोट ओढायचं म्हणे. दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले आणि जुन्यातलं नव्यात न्यायला लावलं. दीड तास लागला. फोटो आले, पण उलट्या क्रमाने. बहिणीचा नंबर दोनदा आला, दूधवाल्याचा तीनदा. जुन्या गप्पा मात्र आल्याच नाहीत, त्या तिकडेच राहिल्या. अक्षरं मोठी केली, घड्याळाचा कर्कश गजर बदलला, नको त्या पन्नास गोष्टींना ‘नंतर’ म्हटलं.

शेवटी खारूचे शंख जोडले. हे मात्र जुन्यापेक्षा सरस निघालं. एक सोय अशी होती, की आपला आवाज फोनला शिकवायचा. मग गोंगाटातून तो तेवढाच वेगळा काढून फोन थेट यंत्रात पोचवतो. मी दिवसभर पेशंटना हेच समजावते, की गर्दीतून एक आवाज वेगळा ऐकू येणं सगळ्यात कठीण. मी लगेच ‘मान्य’ दाबलं. खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं, ते कोण वाचतं? वीस वाक्यं मोठ्याने वाचायला लावली. हवामान, आगगाडीच्या वेळा, असली रुक्ष.

मग नळ सोडला, पंखा लावला आणि फोन हातात धरून स्वयंपाकघरातून हळूच हाक मारली. खारू बाहेरच्या खोलीत, माझ्याकडे पाठ करून रंगवत होती. ती ताडकन उठली. धावत आली, माझ्या पोटाला मिठी मारली आणि म्हणाली, की आई, तू माझ्या डोक्याच्या आत बोललीस. मला रडूच आलं. न बघता तिने माझं ऐकलं, हे सहा वर्षांत पहिल्यांदा घडलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काम चांगलं आहे. मुख्य बाई शिस्तीच्या, पण मनाच्या मोकळ्या. शाळा सुटली की खारू केंद्रात येते आणि माझ्या टेबलाखाली स्वतःचं दुकान थाटते.

एक बारीकशी गोष्ट. आज निघताना ती ‘हो, घालते’ म्हणाली आणि मुकाट्याने स्वेटर घातला. मी नुसतं मनात आणलं होतं, की बाहेर गारठा आहे. की बोलून गेले असेन? दिवसभर बोलून बोलून तोंडाचा आणि डोक्याचा मेळ राहत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी मी कपडे वाळत घालत होते, फोन आत चार्जिंगला होता. खारू पलंगावर आडवी पडून हसत होती. मध्येच ‘मग ससा काय म्हणाला?’ असं विचारायची आणि पुन्हा खुदकन हसायची. मी जवळ जाऊन विचारलं, गोष्ट कोण सांगतंय? मलाच वेड लागलंय अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, की तूच तर सांगतेयस.

फोन तपासला. माईक बंद होता, आवाज पाठवायची सोयही बंद. मी स्वतःला समजावलं, की मुलं मनातल्या मनात खेळतात. पण मी तिला सशाची कुठलीच गोष्ट कधी सांगितलेली नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज केंद्रात कुणी नसताना तिला तपासणीच्या बंद खोलीत बसवलं. भिंती आवाज न शिरणाऱ्या, मध्ये जाड काच. मी बाहेर यंत्रापाशी. खेळ नेहमीचा: शिट्टी ऐकू आली की एक ठोकळा वाडग्यात टाकायचा. फोन पूर्ण बंद करून पलीकडच्या खोलीत कपाटात ठेवला होता.

मी एकही शिट्टी वाजवली नाही. हात मांडीवर घेऊन नुसती बसले.

खारूने ठोकळा टाकला. मग दुसरा. मग तिसरा. अगदी सारख्या अंतराने, सगळे वीस ठोकळे संपेपर्यंत. दार उघडून विचारलं तेव्हा म्हणाली, की आई मोजत होती, तिने आकडा म्हटला की ठोकळा टाकायचा. मग माझ्या तोंडाकडे बघत कपाळाला आठ्या घालून तिने विचारलं, “आई, तुझे ओठ मिटलेले असले तरी तू बोलतेस कशी?”

तिला मिठीत घेऊन मी तिथेच जमिनीवर बसून राहिले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बास झाले लाड. आपला जुना फोन बरा. सकाळी शंख पुन्हा जुन्याला जोडायला गेले. जोडलेच जाईनात. पडद्यावर एकच ओळ: ‘ही यंत्रं दुसऱ्या आवाजाची आहेत.’ एवढ्या वर्षांत असली ओळ मी कधी पाहिली नाही. दुसऱ्या फोनची असतात, आवाजाची कशी असतील?

मग नवा फोन पार पुसून टाकला. सगळं कोरं. दहा मिनिटांनी पडद्यावर ‘स्वागत’ आलं, पहिल्या दिवशी आलं तसंच.

त्याच क्षणी खारू बाहेरच्या खोलीतून धावत आली. “आलीस! कुठे गेली होतीस?” असं आनंदाने ओरडली. मी हात पसरले. ती माझ्या बाजूने निघून गेली आणि भिंतीशी उभी राहून ऐकत राहिली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

फोन बंद करून केंद्राच्या लोखंडी कपाटात टाकला, किल्ली मुख्य बाईंकडे दिली. केंद्रातली जुन्या पद्धतीची साधी यंत्रं आणली, कुठल्याच फोनला न जोडता येणारी. खारूला शंखांच्या जागी ती घातली; तिच्या लेखी तीही शंखच.

काही फरक नाही. उलट बिघडलं. आता माझा खरा आवाज तिच्यापर्यंत पोचतच नाही. मी समोर बसून, घसा ताणून बोलते आणि तिला काही ऐकू येत नाही. कुत्र्याचं भुंकणं येतं, दाराची कडी वाजलेली येते. माझाच तेवढा येत नाही. गोंगाट म्हणून गाळून टाकावा तसा.

आणि ती माझ्या ओठांकडे बघायची थांबली आहे. विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, की आई म्हणते आता बघायची गरज नाही, त्या ओठांचं खोटं असतं. सहा वर्षं ते डोळे माझ्यावर होते. आज जेवताना एकदाही वर झाले नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मुख्य बाईंना सगळं सांगायला गेले. त्यांनी प्रेमाने खांद्यावर हात ठेवला. काल संध्याकाळी फोनवर तुम्ही दोन आठवडे रजा मागितलीत ती मी मंजूर केली, शांत पडून राहा, तुम्ही म्हणालात तसं कुणीही घरी येऊन त्रास देणार नाही, असं म्हणाल्या.

मी फोन केला नव्हता. नवा फोन त्यांच्याच कपाटात आहे.

घरी आले. शाळेतून आणलेली खारू हात सोडून पुढे पळाली होती. गच्चीच्या जिन्यात सापडली, वरच्या पायरीवर. गच्चीला एका बाजूने कठडा नाही. ओढतच खाली आणली. रडत रडत सांगत होती, की आई वर बोलावते, टॉवरपाशी तिचा आवाज सगळ्यात स्वच्छ येतो.

शंख काढायला हात लावला तर किंचाळली. तू माझे कान घेणार हे आईने आधीच सांगितलं होतं, म्हणाली. मी शंख तसेच राहू दिले.

मग सुचलं. पहिलीत आहे, वाचता येतं तिला. या वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘आई मी आहे. ती आई नाही.’ समोर धरलं. तिने बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. माझ्याकडे बघितलं, खरंच बघितलं. ओठ थरथरले तिचे. जीव भांड्यात पडणार तेवढ्यात मान एका बाजूला कलली. ऐकत होती.

मग वही मिटून माझ्या हातात दिली. आई म्हणते, ही वही वाचायची नाही.

बहिणीला जुन्या फोनवरून कळवलंय. उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल. तोवर लेकीला नजरेआड करणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपार. आतल्या खोलीतून लिहितेय. कपाटातून तिचे कपडे घ्यायला आत आले, दोन मिनिटं — बाहेरून कडी लागली.

खारूने लावली. दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. माझी हाक तिला येतच नाही. जुना फोन बाहेर. खिडकीला गज, मागे नुसती भिंत. ओरडून घसा बसला. खांदा आपटून आपटून सुजलाय, दार हलत नाही.

दाराखाली फट आहे. पानं फाडून सरकवतेय. पेन्सिल पण दिली.

लिहिलं: खारू, कडी काढ.

तिची पावलं आली. पान ओढलं गेलं. परत आलं. तिच्या वाकड्या अक्षरांत —

आई नको म्हणते

लिहिलं: मी तुझी आई. तू कुठे जाणार आहेस?

गच्ची

लिहिलं: जाऊ नकोस. बाळा जाऊ नकोस. तिथून पडशील.

आई धरणार आहे

देवा. बाहेरच्या दाराची कडी वर आहे, तिचा हात पुरत नाही. बहीण यायला अजून तीन तास —

स्टूल. स्टूल ओढल्याचा आवाज.

लिहिलं: शंख काढ. दोन्ही. काही ऐकू येणार नाही पण घाबरू नकोस. मी दाराच्या इकडेच आहे. फटीत बोटं घातली आहेत बघ. माझी बोटं धर.

स्टूल थांबलं.

बोटांना तिचा हात लागला. गार. धरून ठेवलाय मी. डाव्या हाताने लिहितेय. सोडणार नाही. बहीण येईपर्यंत अशीच —

फटीतून एकेक करून दोन्ही शंख आत आले. काढले तिने! माझी शहाणी पोर. काढले. आता तिला काहीच —

पान आलंय.

शंख काढले. तरी आई बोलते

हात ओढतेय. घट्ट धरलाय. जोर लावतेय, एवढा जोर हिच्यात — घाम — बोटं निसटताहेत — खारू, नको गं, माझ्याकडे ब—

स्टूल

कडी

खारू मी इथे आहे मी इथे मी