मागून येणारी हाक

मंगळवार, १४ तारीख
दुकानातून, दुपारी

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

तुझं पत्र शनिवारीच आलं. उत्तराला उशीर झाला, कारण दुरुस्तीला एकदम अकरा शिलाई मशिनी आल्या, असं लिहिणार होतो. खरं तर दोनच आल्यात. फोनवर तुला माझा आवाज लगेच कळतो, म्हणून लिहितोय.

गुडघा कसा आहे? मलम दोनदा लाव. एकदा लावून ‘लावलं’ म्हणू नकोस.

घराचं विचारलंस. घर छान आहे. कालही बाहेरून बघून आलो. तुझ्या खोलीचं दार थेट अंगणात उघडतं, एकही पायरी नाही. विकणाऱ्या बाई भल्या आहेत, शुक्रवारपर्यंत थांबते म्हणाल्या. पुढे दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

कर्जासाठी बँका हिंडतोय. सगळीकडे तीच गार हवा, तीच फिरती खुर्ची, तेच “काका, बसा ना.” एकाकडे व्याज कमी तर कागदपत्रांचा खर्च जास्त, दुसऱ्याकडे खर्च माफ तर विमा गळ्यात. मी एकाला म्हटलं, “साहेब, मशीन फुकट आणि सुई सोन्याची, हा धंदा मलाही शिकवा.” पोट धरून हसला. चहा पाजला. अर्जावर सही घेतली.

सहाव्या ठिकाणापासून जो तो नुसतं “कळवतो” म्हणायला लागला.

काल नववं ठिकाण. तिथली मुलगी माझं नाव संगणकात घालून आत साहेबांकडे गेली. मध्ये नुसती काच. बंद दाराबाहेरून, नुसत्या आवाजावरून मशिनीचा कुठला स्क्रू ढिला आहे ते सांगणारा माणूस मी. साहेब म्हणाले, “दीड महिन्यात आठ जणांनी तपासलंय याला. एकानंही दिलं नाही. आपण कशाला?”

मुलगी बाहेर आली. “काका, तुम्ही जिथे जिथे सही केलीत, तिथे तिथे त्यांनी तुमचे जुने व्यवहार तपासले. प्रत्येक तपासणीची नोंद राहते. अशा फार नोंदी झाल्या की माणूस अडलेला दिसतो.”

“अगं, मी भाव करत होतो!”

“ते नोंदीत येत नाही, काका.”

ताई, आता टाळत आलोय ते लिहितो. पहिल्याच ठिकाणी मला होकार मिळाला होता. तिथल्या बाईंनी पत्र छापून हातात ठेवलं होतं, तीस दिवसांची मुदत घालून. मी म्हटलं, “पाव टक्का सोडा, आत्ता सही करतो.” त्या म्हणाल्या, “माझ्या हातात नाही हो.” मी उठलो. दारापर्यंत मुद्दाम सावकाश चाललो, मागून हाक येईल म्हणून. आयुष्यभर आली आहे. त्या दिवशी आली नाही. तरी जिन्यात थोडा थांबलो.

आज सकाळी परत तिथेच गेलो. बाईंनी ओळखलं, पुन्हा नाव घालून पाहिलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला: आता तिथेही नकार. “तेव्हाच का नाही घेतलंत?” म्हणाल्या. रागानं नाही.

तीन दुकानं फिरल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत, हे मला तू शिकवलंस, वह्या घ्यायला हात धरून न्यायचीस तेव्हा. पण तू तीन म्हणाली होतीस. नऊ मी केली.

तू लिहितेस, खोली सोडायचं घरमालकाला सांगितलं, पलंग शेजारणीला देऊन टाकला. ते वाक्य मी परत परत वाचलं. जमलं तर मालकाला म्हण, आणखी काही महिने राहते. त्यानं दुसरा भाडेकरू ठरवला असेल, तर काय करायचं ते मला सुचत नाही. माझ्या खोलीला बेचाळीस पायऱ्या आहेत, आणि तुला आता पायरी चढू देणार नाही असं मीच बोलून बसलोय.

शेजारणीकडे पलंग परत मागू नकोस. दुसरा मी घेऊन पाठवतो. पहिल्याच दुकानातून, सांगतील त्या किमतीला.

तुझा, सगळ्यांनी हुशार ठरवलेला,
धाकटा