थाळ्यातली माझी बाजू

प्रिय झुल्हुमोर,

तू माहेरी गेल्यापासून मार्गिलानची हवा बदललेली नाही आणि मीही बदललेले नाही. गुडघे कुरकुरतात, जीभ शाबूत आहे. मोठी बातमी म्हणजे या वयात मी घर विकत घ्यायला निघालेय! शेजारच्या फरगाना शहरात, मेडिकल कॉलेजच्या मागे, दोन खोल्या आणि अंगणात तुतीचं झाड. शिकणाऱ्या मुलींना भाड्याने द्यायला अगदी बेतशीर. पण टोप्यांवर भरतकाम करून साठवलेल्या पैशांत अर्धंच घर येतं, म्हणून भागीदार शोधायला लागले.

माझी पारख तुला ठाऊकच आहे. कागदपत्रं नंतर, आधी माणसाला गुरुवारी पुलावाला बोलवायचं आणि एकाच थाळ्यात, समोरासमोर आपापल्या बाजूने, जेवायला बसवायचं. पहिला आला माझा मावसभाऊ तोलिब. "आपा, तू नुसती सही कर, बाकी मी बघतो!" असं म्हणत त्याने स्वतःची बाजू संपवली आणि बोलता बोलता माझ्या बाजूचं मांसही उचललं. मनात म्हटलं, बाबा रे, उद्या माझी खोलीही अशीच गिळशील. चहा पाजून वाटेला लावला.

मग शेजारची बासोरात. तिने मात्र मांसाचे तुकडे माझ्याकडे सारले. मी सुखावले, तोच म्हणाली, "घे गं, चांगले चांगले तुलाच दिलेत हं, लक्षात ठेव!" हात धुताना तेच, दारातून निघताना तेच. घर घेताना भिंती बघू नयेत, शेजारी बघावा, म्हणतात. बघितला बाई, आणि नाद सोडला.

गेल्या गुरुवारी कोणीच येणार नव्हतं. सवयीने दोघींपुरता पुलाव टाकला, बिहीच्या आंबटगोड फळाच्या फोडी घालून, तुला आवडतो तसा. एकटीच जेवायला बसले. माझ्या बाजूचं मांस दोन घासांत संपलं आणि हात थांबला. सहा वर्षं आपण सासू-सून एका थाळ्यात जेवलो, आणि माझ्या बाजूचं मांस कधी संपलं नाही. तुझा हात मला एकदाही दिसला नाही, पोरी! रडू आलं आणि हसूही. फार आठवण येते तुझी.

म्हणून हे पत्र. तूच माझी भागीदार हो. शिवणकामाचे पैसे तू स्वतःच्या छपरासाठी जमवतेयस, हे तुझ्या आईने मला बाजारात सांगितलं. घर दोघींच्या नावावर घेऊ. एक खोली भाड्याने, एक तुझी. तिथून तुला कोणी 'जा' म्हणणार नाही. मॉस्कोत दुसरा संसार थाटलेला माझा लेक फोनवर म्हणाला, "आई, ती आता आपली कोण लागते?" म्हटलं, "तुझी कोणी नसेल. माझं तिच्याशी जमतं." येत्या गुरुवारी ये. या वेळी मांस मी सरकवणार आहे. बघ, तुला माझा हात दिसतो का.

तुझीच,
सानोबर आई