चहा घेतो का?

गौतमदादा,

तू जाऊन सहा वर्षं झाली, तरी आज तुले लिहून राहिली.

रायपूरच्या आपल्या सदर बाजारच्या घरी आई विचारे, "चहा घेतो का?" तूही म्हणे, "चहा घेतो का?" बाबाले वाटे, पोट्टा चिडवून राहिला. किती मार खाल्ला तू. तरी कप समोर आला की बशीत ओतून सगळा पिऊन टाके.

माझी नात पिंकी तशीच बोलते. काल शंकर नगरच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, हे ऑटिझम आहे. विचारलेलं तसंच परत म्हणते, ते बरेचदा तिचं 'हो' असते. सून वहीत लिहून घेत होती. मी पर्समधे रुमाल शोधत बसली. आपल्या लहानपणी रायपूर राजधानी नव्हतं, अन् असं सांगणारंही कोणी नव्हतं.

माझ्या लग्नात निघताना मी गमतीनं विचारलं होतं, "दादा, माझ्यासंग येतो का?" तू मोटारीचं दार धरून म्हणाला, "माझ्यासंग येतो का?"

सगळे हसले. मीही हसली. बाबानं तुझी बोटं एकेक करून दारावरून सोडवली.

तुले तिथंच ठेवून आलेली,
प्रेमला