तीन नंबरचे सदतीस अंश

२१ एप्रिल
टॉवेलच्या कारखान्यात रुजू झाले! टॉवेलवरची नक्षी ज्यांच्यावर तयार होते ते तिन्ही संगणक आता माझ्या ताब्यात. मुकुंद सरांनी स्वतः चहा पाजला. म्हणाले, धम्मप्रिया, सोलापूरचं ऊन माणसं सोसतात, मशीन नाही सोसत. म्हणून रोज दुपारी दोनला तिन्ही प्रोसेसरांचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये बघून वहीत लिहायचं. जुळे सोलापुरात खोलीही मिळाली. जेऊरला आईला फोन केला, तर तिला नोकरीपेक्षा खोलीतल्या नव्या पंख्याचाच आनंद जास्त.

२२ एप्रिल
संगणकांच्या खोलीत बेचाळीस अंश. एक नंबर मशीन एकोणसत्तर, दोन नंबर चौसष्ट, तीन नंबर सदतीस! नुसत्या पंख्यावरचं मशीन खोलीतल्या हवेपेक्षा गार राहील कसं? तो काय माठ आहे? वही चाळली. माझ्या आधीच्या कीर्तीने वर्षभर तीन नंबरपुढे सदतीसच लिहिलंय. सॉफ्टवेअर थापा मारतंय आणि ही बाई निमूटपणे लिहीत बसली.

२४ एप्रिल
दुसरं सॉफ्टवेअर टाकलं. तेही सदतीस! तीन नंबर मागांना नक्षी पुरवतं, म्हणून ते कधी बंद करत नाहीत. चालू असतानाच झाकण काढून बोट लावलं, तर चटका बसून फोड आला. म्हणजे आकडा खोटा. मला खोटं खपत नाही. सरांना सांगितलं, तर म्हणाले, चालतंय की, हात लावू नका. कीर्तीचं विचारलं, तर सोडून गेली म्हणाले आणि घाईने कुणाला तरी फोन लावला. काहीतरी लपवतायत.

२७ एप्रिल
सकाळपासून कणकण. दोन वाजता तीन नंबर अडतीस पॉइंट सहा. प्रथमोपचाराच्या पेटीतला थर्मामीटर लावला. अडतीस पॉइंट सहा. गोळी घेतली. तासाभराने दोन्हीकडे सदतीस.
असलं काही नसतं. आकडा दुरुस्त केला की डोक्यातलं खूळ जाईल. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रकाना आहे, जितका फरक तितके अंश मिळवायचे. लांबून मोजायच्या थर्मामीटरने मशीन मोजलं, पासष्ट. अठ्ठावीस अंश मिळवले. आकडा लगेच पासष्टवर जायला हवा होता. तो हलला नाही. निघताना मात्र सदतीस पॉइंट पाच.

२९ एप्रिल
एकोणचाळीस पॉइंट दोन. थर्मामीटरही तेच सांगतोय. गोळीने उतरत नाही. सगळे म्हणतात ऊन लागलं. झाडलोट करणारी निंगव्वा मावशी कांद्याने माझे तळपाय चोळत बसली. तिला कीर्तीचं विचारलं.
म्हणाली, कुटं सोडून गेली न्हाय ती, हितंच खुर्चीत गेली की. तीन नंबर बिगाडलं म्हनून सायबांनी बंद केलं, आन तवाच पोरगी गार पडली. भर उन्हाळा, आन अंग बर्फावानी.
अठ्ठावीस पुसले. सेव्ह केलं. रकान्यात पुन्हा अठ्ठावीस.

३० एप्रिल
चाळीस पॉइंट चार. सात वेळा पुसलं. जात नाही.
दोन्ही सॉफ्टवेअर खरं सांगत होती, पण माझं. मीच त्यांना खोटं ठरवलं. आता आकडा पासष्टपर्यंत चढणार. मशीन बंद करू? – नको. कीर्ती – नको.
भीती वाटतेय. फार.

१ मे
उठवत नाही. खोलीवरच आहे. पेटीतला थर्मामीटर सोबत आणलाय. एकेचाळीस पॉइंट तीन –
सरांचा फोन. म्हणाले, आराम करा. तीन नंबर एकेचाळीसवर गेलंय, मशीनलाही जरा आराम देतो. कीर्तीच्या वेळीही तेच केलं होतं म्हणे –
मी ओरडले, बंद करू नका. मागांचा खडखडाट – ऐकू गेलं नाही – फोन ठेवला.
परत लावतेय. उचलत नाहीत.
सदतीस. बरं वाटतंय – नाही – छत्तीस – चौतीस –
आई, पंखा बंद आहे गं, तरी बोटं गार प