माझ्या ओळीतली सरकी

रविवार, संध्याकाळ. अकोला

बंदूक चांगली आहे! तीन आठवडे उगाच तिला नावं ठेवली. एअर रायफलचे दहा छर्रे मारले की सात मधोमध, तीन भलतीकडे. क्लबातले सर म्हणाले, श्वास चुकतोय. मी नळी पुसली, छर्र्यांचा डबा बदलला. फरक शून्य.

आज आई अकोटहून आलीय, तिला सरावाला घेऊन गेले. शेजारच्या खुर्चीत बसून ती सारखी माझा अंगठाच बघत होती. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "तू ते गोयी बसवतच नाई, नुसती ढकलून देऊन राहिली."

रागच आला. तिला काय कळतं यातलं? पण पाहिलं तर खरंच. घाईत अंगठा निसटायचा, छर्रा उघडलेल्या नळीच्या मागच्या तोंडाशी तिरपा राहायचा आणि नळी बंद करताना त्याची मागची कड चेपायची. मग एकेक छर्रा सरळ, पुरता आत जाईपर्यंत दाबला. दहाच्या दहा मधोमध! अंगठ्यावर अजून बारीक गोल वळ आहे. मस्त वाटतंय.

परत येताना ऑटोत विचारलं, तुला कसं गं दिसलं?

"सरकी टोबतानाबी तू असंच करे. भोकात टाकली का पुढं पये. मंग मांगून येऊन तुह्या ओयीतली सरकी मलेच दाबा लागे."

आणि मी आजवर सगळ्यांना सांगत आले, की लहानपणी आमच्या कपाशीच्या वावरात सगळ्यात छान उगवायची ती माझीच ओळ.