काकवीखालची सकाळ

१४ मे १९०८

काकवी! आज मिस वूस्टरच्या खाणावळीत, भर जेवणात तो टिंकर म्हणतो, "मास्तर, तुमच्या चित्रातल्या गाई आधीच तपकिरी असतात, की काकवीत बुडवून काढता?" सगळी पोरं खो-खो हसली. दोन वर्षं पॅरिसला काढून आलीत, जांभळ्या सावल्या आणि पिवळे ठिपके मारतात, आणि मला चित्रकला शिकवतात. मी ते रोजचेच घेवडे गिळत बसलो. एके काळी याच टेबलावर पहिलं ताट माझं वाढलं जायचं.

घरी येताना अल्मायरानं नवऱ्याची समजूत घातली, "पोरं आहेत. मनावर घेऊ नका." मनावर नको, तर कुठे घेऊ?

१५ मे

धुकं. कामाला बरं. राखाडीवर तपकिरी, तपकिरीवर राखाडी. घेणार कोणी नाही.

२२ मे

टिंकर आज रस्त्यात टोपी काढून उभा. "हार्टफर्डच्या प्रदर्शनात तुमची 'संध्याकाळची खाडी' पाहिली. शेवटी खिडक्या उघडल्यात, मास्तर!" थट्टा करतोय म्हणावं तर हसत नव्हता. 'खाडी' माझं सगळ्यात काळोखं चित्र, आणि सगळ्यात चांगलं. अठरा वर्षांपूर्वी मिसेस पेनॉकनं घेतलं होतं. त्याला खिडक्या कुठून आल्या?

२५ मे

हार्टफर्डला जाऊन आलो. चित्र मेलं.

संध्याकाळ नाहीच. ढळढळीत सकाळ! खाडीतलं खारं गवत हिरवंगार, पाणी निळं, गवताच्या गंजींवर ऊन. मिसेस पेनॉक कौतुकानं सांगत होत्या, "दिवाणखान्यातला धूर बसला होता, म्हणून पुसायला दिलं. आत काय निघालं बघा! हे इतकी वर्षं का हो लपवलंत?"

पुसणाऱ्या गाढवानं स्पिरिट लावून वार्निश काढलं. दुसऱ्यांचं वार्निश म्हणजे चित्रावरचं झाकण. माझं चित्रच वार्निशात! त्यातच रंग कालवायचा, पातळ हात द्यायचा, वाळला की त्यावर दुसरा. सबंध हिवाळा घालवून ती संध्याकाळ उतरवली होती. ती कापसाच्या बोळ्यांवर गेली. उरला तो तळाचा पहिला हात, आणि त्याच्यापुढे ही गर्दी. आयुष्यभर माझ्या चित्रांपुढे एवढी माणसं उभी राहिली नाहीत.

सहीसुद्धा गेली. तीही वार्निशातच होती. बाई म्हणाल्या, "तेवढी पुन्हा करून द्याल ना?"

म्हणालो, "घरी पाठवून द्या. करतो."

३० मे

चित्र आलं. सही करतोय कसला! पुन्हा संध्याकाळ करणार. चित्राच्या मालकीणबाईंना काय बोंब मारायची ती मारू देत. वार्निश कालवून ठेवलंय.

३१ मे

अल्मायरा चहा घेऊन आली आणि चित्रापुढे उभीच राहिली. चहा निवला.

"गवत जरा जास्तच हिरवं झालंय," म्हणाली. "तेव्हाही मला तसंच वाटलं होतं."

तेव्हा? मग आठवलं. हे चित्र सुरू केलं त्या ऑगस्टमध्ये खाडीकाठच्या विषारी वेलीत हात घातला होता मी. दोन्ही हात फोडांनी भरले, फडक्यात बांधलेले. रंगाचा तो पहिला हात तिनं दिला होता. रोज सकाळी चिखलात उभी राहून. मी मागे छत्रीखाली बसून खेकसत होतो, "कसाही लाव गं, वरून मी झाकणारच आहे." न्यूयॉर्कच्या चित्रशाळेत ती माझ्या पुढे होती, हे इथे कोणाला माहीत आहे? लग्नानंतर तिनं ब्रश धुतले. माझे.

"झाकणार?" तिनं विचारलं.

"माझं चित्र आहे."

"हो, तुमचंच," म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

फार राग आला. तिचा की माझा, कळत नाही. कालवलेल्या वार्निशावर साय धरलीय.

२ जून

ब्रश उचलला. ठेवला. त्या गवतावर हात चालत नाही. इतकं साधं हिरवं मला कधीच जमलं नाही, हे आज पहिल्यांदा लिहितोय. टिंकर खिडकीतून डोकावला. "मास्तर, हे हिरवं कशात कालवलंत?" मला सांगता येईना. त्याला वाटलं, म्हातारा गुपित राखतोय.

४ जून

अल्मायराला म्हणालो, "सही तू कर."

"माझ्या नावाचं चित्र घेणार कोण?" म्हणाली. पण बसली. कोपऱ्यात नीट लिहिलं, "ए. ट्रेडवे". माझ्या असाहेलचा ए. तिच्या अल्मायराचाही ए. "कोणाला कळणार नाही," म्हणाली आणि ब्रश धुवायला घेतला.

दुपारी गाडीवाला चित्र घेऊन गेला. रात्री जेवताना टिंकरनं उभं राहून सगळ्यांदेखत माझं अभिनंदन केलं. ती शेजारीच बसली होती.

मी ते घेतलं.