हौदात न सोडलेला दिवा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे आले आहे. ती कोणाच्या दबावाची खूण समजू नये. दबाव नाही, भीती आहे. येत्या गुरुवारी माझ्या छातीची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, "घाबरण्यासारखं काही नाही." पण माझी झोप उडाली आहे ती निराळ्याच गोष्टीने. ती कलम चारमध्ये येईल. आधी सोपे उरकते.

एक. द्राक्षबाग. वडिलांनी थंड मुलखातल्या, वाइनच्या द्राक्षांच्या दोन जातींच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या, तेव्हा या उन्हात त्या तगणार नाहीत म्हणून सगळे हसले होते. पांढरीला आम्ही पाहुणी म्हणतो, पातळ सालीच्या काळीला रुसकी. इथे हिवाळा असा नाहीच, त्यामुळे वेल झोपत नाही. पाणी तोडून, पाने खुडून त्याला झोपवावे लागते. पश्चिमेकडची पाने मात्र घड धरल्यावर कधीही काढू नयेत; दुपारचे ऊन मणी भाजून काढते. बागेतला माझा अर्धा हिस्सा मी भाचीला देते. ती माझ्या मयत धाकट्या भावाची एकुलती मुलगी. उरलेला अर्धा तिच्या वडिलांकडून तिला आलेलाच आहे.

दोन. घर, सामान आणि खात्यातली शिल्लक वहिनीला, म्हणजे धाकट्याच्या बायकोला. शिवणयंत्र यात धरू नये. ते तिचेच आहे. मी वापरायला म्हणून घेतले आणि परत द्यायचे मनावर घेतले नाही.

तीन. वडिलांची छाटणीची कात्री भाचीला. चुलत भावाने ती तीनदा मागितली आहे. हाच माणूस दरवर्षी कुंपणाशी उभा राहून म्हणतो, "उपटून टाक ती नखरेल झाडं, खायची द्राक्षं लाव." त्याला खायच्या द्राक्षांची एक पेटी बाजारातून आणून द्यावी आणि माझा नमस्कार सांगावा.

चार. तळघरातला हौद. इथे मी दोनदा लिहायची थांबले आहे.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. रुसकीची तोडणी चालू होती आणि सकाळी नऊलाच अंगण तापले होते. क्रेट उन्हात पडून होते, रस गळायला लागला होता. हौदातली आदली वाइन काढून झाली होती, तळाशी चोथा होता. तो उपसल्याशिवाय नवा माल ओतता येत नव्हता. द्राक्षे आंबताना जड वायू सुटतो आणि तळाशी साचून राहतो. त्याला रंग नाही. म्हणून कोणी उतरण्याआधी दोरीने पेटता दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर उतरायचे नाही. ते काम माझे होते.

धाकट्याने शिडीवर पाय ठेवून विचारले, "ताई, दिवा सोडलास?"

मी म्हटले, "हो रे, सोडला. उतर पटकन."

मी दिवा सोडला नव्हता. तो कोनाड्यात होता, न पेटवलेला. माझे सगळे लक्ष तळघराच्या दारातून दिसणाऱ्या अंगणातल्या क्रेटवर होते.

तो चार पायऱ्या उतरला, मग शिडीवरचा हात सुटला. आवाजही फार झाला नाही. बाहेर काढला तेव्हा तो गेलेला होता. भाची तीन वर्षांची होती.

पोलिसांना मी सांगितले की दिवा न सोडताच तो उतरला आणि अंगणात मजुरांवर देखरेख करणाऱ्या आमच्या मुकादमांनी त्याला अडवले नाही. सगळ्यांनी ते मानले. मुकादमांना मी कामावरून काढले. त्यानंतर त्यांना या भागात कोणत्याही बागेने ठेवले नाही. हौदावर मी फळ्या ठोकून घेतल्या.

गेल्या आठवड्यातल्या सोमवारी भाचीने त्या फळ्या काढल्या. मला म्हणाली, "आत्या, अख्ख्या बागेत एवढी थंड जागा नाही. रुसकी वरच्या टाकीत तापते आणि तिचा वास उडून जातो. मी यंत्राने हवा मोजूनच उतरेन, घाबरू नकोस." ती उघड्या तोंडाशी वाकून आत बघत होती. मी तिचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

पाच. म्हणून माझी आज्ञा : तो हौद मातीने भरून टाकावा. यंत्र असो, दिवा असो, "हो, बघितलं" असे सांगणारे माणूस घाईत असू शकते.

सहा. हे मी मेल्यावर वाचले जावे असा बेत होता. काल तो बदलला. मी ऑपरेशनच्या टेबलावर असताना भाची हौदात उतरली तर, हा विचार सहन झाला नाही. दुपारी वहिनी आणि भाची दोघींना समोर बसवून मी इथपर्यंतचे वाचून दाखवले.

वहिनीने एकच विचारले, "त्यानं विचारलं होतं?"

"हो."

"म्हणजे निष्काळजी नव्हता तो." मग म्हणाली, "अठरा वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या, वन्सं. पोरीचा विचार न करता उतरला म्हणून."

ती उठून आत गेली. अजून माझ्याशी बोललेली नाही. भाचीने संध्याकाळपर्यंत मातीच्या दोन ट्रॉल्या रिकाम्या केल्या. हौद अर्धा भरला आहे. तिने माझ्याकडे बघितले नाही, मी तिथेच उभी राहिले.

सात. मुकादमांना मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाले, आणि साक्षीदार मला तेच हवे होते. आज सकाळी भाची त्यांना घेऊन आली. त्यांनी सगळे वाचले आणि म्हणाले, "बाई, एक राहिलं. मी अंगणातून ओरडलो होतो, 'थांबा, दिवा बघू द्या.' तुम्ही मला हातानं गप्प केलंत. तेही लिहा."

ते खरे आहे. लिहिले.

स्थळ : बागेतले घर, पुढची खोली. मंगळवार, तारीख सतरा.

मृत्युपत्र करणारी : (सही)

साक्षीदार दुसरे : (सही) गावातले औषधविक्रेते. माझ्यासमोर सही झाली. बाई शुद्धीवर होत्या, रडत होत्या.

साक्षीदार पहिले : (सही) पूर्वीचे मुकादम. सगळे वाचून सही केली. मी माफ केले असे यात कुठे लिहिलेले नाही, हे दोनदा तपासून सही केली.